बदली पॉवर ट्रान्झिस्टर टाकला की परत उडतो? कुठून तपासायला सुरुवात करायची

घरी जोडलेल्या अँपला मूळ नंबरचा आउटपुट ट्रान्झिस्टर मिळाला नाही म्हणून "त्याच्यासारखाच" दुसरा टाकला, पाच मिनिटं झकास वाजला, मग टप्प आवाज आला आणि फ्यूज गेला. ही तक्रार माझ्या टेबलावर इतक्या वेळा आलीय की आता अँप उघडायच्या आधीच मी विचारतो, आउटपुट ट्रान्झिस्टरची ही कितवी जोडी? उत्तर बहुतेक वेळा "तिसरी" असतं. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एकाच बोर्डावर चार जोड्या घालवल्यात, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही. ट्रान्झिस्टर उडणं हा शेवट असतो, बिघाड त्याच्या आधी कुठेतरी बसलेला असतो, आणि तो तसाच ठेवून नवीन टाकला की तोही त्याच वाटेने जातो.

लक्षणं काय दिसतात

सगळ्यांचं सारखं नसतं. तुमचं यातलं कोणतं ते आधी ठरवा, म्हणजे पुढे वेळ वाचेल.

- चालू करताक्षणीच फ्यूज जातो, किंवा सिरीज बल्ब (मेन्सच्या वायरीत मध्ये जोडलेला तपासणीचा बल्ब, त्याबद्दल पुढे) पूर्ण प्रकाशाने पेटून तसाच राहतो.
- गाणं न लावताही हीटसिंक हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि कधी कधी दोनातला एकच ट्रान्झिस्टर तापतो.
- थोडा वेळ नीट चालतो, तापला की आवाज फाटतो आणि मग जातो.
- हळू आवाजात घोगरं, खरखरीत ऐकू येतं, मोठ्याने लावलं की बरं वाटतं.
- चालू केल्यावर स्पीकरचा कोन आत किंवा बाहेर ढकलला जाऊन तिथेच थांबतो. असं दिसलं तर दुसरं काही बघू नका, आधी बंद करा, स्पीकरमधून डीसी जातोय आणि व्हॉइस कॉइल काही सेकंदात जळते.
- आवाज ठीक आहे पण आउटपुटजवळचा १० ओहमचा छोटा रेझिस्टर काळा पडलाय.

हात लावायच्या आधी

मेन्सची पिन काढायची, नुसता स्विच बंद करून चालत नाही. फिल्टर कपॅसिटर २२० ओहम १० वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करायचे आणि मग मल्टिमीटरने खरंच शून्य झालं का बघायचं. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे लोक मी पाहिलेत, १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३५ व्होल्टला भरलेला असेल तर त्या ठिणगीने स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळतं आणि कपॅसिटरचंही आयुष्य कमी होतं, तर कृपा करून नको. स्पीकर काढून ठेवा.

कागदावरची तपासणी, एक पैसाही लागत नाही

इथेच निम्मे बिघाड सापडतात आणि इथेच कोणी थांबत नाही, सगळ्यांना सोल्डरिंग आयर्न गरम करायची घाई.

पहिली गोष्ट पाय. बीडी१३९ चा छापील भाग आपल्याकडे करून धरला तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. टीआयपी४१ तसाच धरला तर बेस, कलेक्टर, एमिटर. म्हणजे ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणारा त्याच्या आधीचा ट्रान्झिस्टर) जरा दणकट हवा म्हणून बीडी१३९ च्या भोकांत टीआयपी४१ सरळ बसवला की बेस आणि एमिटर उलटे झाले. बहुतेक ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर जोडाला उलट दिशेने ५ ते ७ व्होल्टच्या वर झेपत नाही, त्यामुळे तो मुकाट्याने खराब होतो आणि जाताना आउटपुटलाही घेऊन जातो. मॉसफेट या दुसऱ्या प्रकारच्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये तर अजून मोठी गंमत आहे, त्याचे पाय गेट, ड्रेन आणि सोर्स. २एसके१०५८ आणि २एसजे१६२ या जुन्या ऑडिओ जोडीत मधला पाय सोर्स असतो, आयआरएफपी२४० मध्ये मधला पाय ड्रेन. केस सारखी दिसते, भोकं तंतोतंत जुळतात, आणि वर गेट उघडायला लागणारं व्होल्टेजही दोघांचं फार वेगळं, त्यामुळे पाय वाकवून जुळवले तरी ती सरळ बदली नव्हे. टीओ-३ च्या धातूच्या डब्यात पाय मध्यापासून बाजूला सरकलेले असतात म्हणून तो उलटा बसतच नाही, पण त्याला हाताने वायरी सोल्डर केल्या असतील तर त्या बिनदिक्कत उलट्या होतात, कारण आकृती बहुतेक वेळा खालून पाहिल्याची असते आणि आपण वरून बघत असतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. २एन३०५५ सगळ्यांचा लाडका, पण तो ६० व्होल्टचा आहे. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर लावला की रेक्टिफायरनंतर दोन्ही बाजूंना साधारण ३३-३४ व्होल्ट, लोड नसताना आणि मेन्स चढलेली असताना त्याहून जास्त. आउटपुट एका टोकाला गेलं की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरवर दोन्ही रेलची (म्हणजे सप्लायच्या अधिक आणि उणे बाजूची) बेरीज येते, म्हणजे ६६ च्या पुढे. ६० वाल्याने ते सहन केलं तर ते त्याचं मोठेपण, हक्क नाही. अशा अँपला १०० व्होल्टचे टीआयपी३५सी आणि टीआयपी३६सी किंवा १४० व्होल्टचे एमजे१५००३ आणि एमजे१५००४ शोभतात. माझा नियम एवढाच, दोन्ही रेलची बेरीज करा आणि त्याच्या वर निदान तीस-चाळीस टक्के मोकळी जागा ठेवा.

तिसरी गोष्ट वॅट, आणि इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. डेटाशीटवर २एन३०५५ ला ११५ वॅट आणि २एससी५२०० ला १५० वॅट लिहिलेलं असतं, आपण म्हणतो नवा जास्त ताकदीचा. पण हे आकडे केस २५ अंशावर असतानाचे आहेत, आणि चालू अँपची केस २५ अंशावर राहणं जवळजवळ अशक्य. २एन३०५५ चा धातूचा डबा आत २०० अंशापर्यंत चालतो, प्लॅस्टिकचा ५२०० फक्त १५० पर्यंत. केस ८० अंशाला गेली की पहिल्याची क्षमता साधारण ७९ वॅट उरते आणि दुसऱ्याची ८४. गेला ना फरक! ५२०० चे खरे फायदे २३० व्होल्ट आणि वेग हे आहेत, वॅट नव्हे.

वॅटच्याच पुढची पायरी म्हणजे सेफ ऑपरेटिंग एरियाचा आलेख. व्होल्टेज वाढलं की ट्रान्झिस्टरला तेवढे वॅट सुद्धा झेपत नाहीत, आतल्या चिपवर एकाच ठिकाणी करंट गोळा होऊन तिथेच भोक पडतं, याला सेकंड ब्रेकडाउन म्हणतात. एमजे१५०२४ घ्या, २५० वॅटचा दांडगा गडी. ५० व्होल्टला त्याला ५ अँपिअर चालतात, गुणाकार बरोबर २५०. पण ८० व्होल्टला फक्त २ अँपिअर, म्हणजे १६० वॅट, आणि तेही अर्ध्या सेकंदासाठी. "वॅट तर पुरेसे होते, मग गेला कसा" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा याच आलेखात असतं. ±३५ व्होल्टच्या अँपवर ८ ओहमचा लोड असेल तर एका ट्रान्झिस्टरवर क्षणिक ३८ वॅटपर्यंत येतात, ४ ओहमचा लावला की ते दुप्पट, आणि खरा स्पीकर शुद्ध रेझिस्टर नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही वाईट. दोन स्पीकर समांतर जोडून "आधी तर चालायचा" म्हणणाऱ्यांनी हे परत एकदा वाचा.

चौथी गोष्ट डार्लिंग्टन की साधा. टीआयपी१४२ आणि टीआयपी१४७ हे डार्लिंग्टन आहेत, आत दोन ट्रान्झिस्टर, बेस-एमिटरला साधारण १.२ ते १.४ व्होल्ट लागतात, साध्याला ०.६ च्या आसपास. डार्लिंग्टन काढून त्या जागी साधा टाकला तर बायस (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित उघडा ठेवणारं व्होल्टेज) त्याच्या मानाने खूप जास्त होतो आणि तो चालू करताक्षणी उडतो. उलट केलं तर उडत नाही, पण हळू आवाजात खरखर ऐकू येते, कारण बायस पुरतच नाही. वर लिहिलेलं घोगऱ्या आवाजाचं लक्षण आठवा. आणि जुन्या सर्किटमध्ये खालचा आणि वरचा दोन्ही २एन३०५५ असतील तर ते चुकून तसं नाही, ते क्वासी-कॉम्प्लिमेंटरी सर्किट आहे, म्हणजे दोन्ही आउटपुट एनपीएनच असतात, "खाली पीएनपी हवा ना" म्हणून एमजे२९५५ टाकू नका.

आता मल्टिमीटर

डायोड रेंजवर ठेवून प्रत्येक ट्रान्झिस्टर तपासा, बोर्डावर शंका आली तर पाय काढून. चांगल्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर दोन्ही ०.५ ते ०.६ दाखवतात, कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांना काहीच नाही. बीप आला की गेला. डार्लिंग्टनमध्ये आत रेझिस्टर आणि एक डायोड असतो, त्यामुळे एका दिशेने कलेक्टर-एमिटर आकडा दाखवेल, तो खराब नव्हे.

इथे लोक आउटपुट बदलतात आणि ड्रायव्हर तसेच ठेवतात, आणि माझ्या मते दुसरी-तिसरी जोडी उडायचं सगळ्यात मोठं कारण हेच. आउटपुट शॉर्ट झाला की रेलचं व्होल्टेज त्याच्या बेसमधून मागे ड्रायव्हरपर्यंत पोचतं. ड्रायव्हर कधी पूर्ण शॉर्ट होतो, कधी अर्धवट गळका राहतो आणि मल्टिमीटरवर जवळजवळ बरा दिसतो. म्हणून मी आउटपुट गेलेल्या चॅनलचे दोन्ही ड्रायव्हर न विचारता बदलतो, आउटपुटच्या मानाने ते अगदी स्वस्त असतात. एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे रेझिस्टर पण मोजा, ते बाहेरून पांढरे शुभ्र दिसतात आणि आत तार तुटलेली असते. समांतर दोन-दोन ट्रान्झिस्टर असतील आणि एकाचा रेझिस्टर उघडा असेल तर सगळा करंट दुसऱ्यावर, मग तो किती दिवस टिकणार.

हीटसिंक आणि अभ्रक

मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात तपासा, बीप यायला नको, मधली अभ्रकाची चकती वीज अडवायलाच असते. माझ्या त्या चार जोड्यांमधल्या दोन इथे गेल्या. हीटसिंकला भोक पाडल्यावर कडेला ॲल्युमिनियमचं केसाएवढं कुसळ राहिलं होतं, थंड असताना अभ्रकाची चकती शाबूत, मल्टिमीटर गप्प, पण स्क्रू आवळून अँप तापला की ते कुसळ अभ्रकातून आरपार. दोन दिवस सर्किटला शिव्या घातल्या. शेवटी जुनी चकती उजेडासमोर धरली तेव्हा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. तेव्हापासून भोकाच्या कडा मोठ्या ड्रिल बिटाने हाताने फिरवून साफ करतो आणि वरून बोट फिरवून बघतो. हीटसिंक पेस्ट पातळ लावायची, श्रीखंडासारखी थापायची नाही, ती फक्त बारीक फटी भरायला असते.

सिरीज बल्ब

हे ज्याच्याकडे नाही त्याने अँप बनवूच नये असं माझं मत आहे. मेन्सच्या फेज वायरमध्ये जुना तंतूवाला ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, एलईडी चालत नाही. सगळी जोडणी बंद डब्यात, उघडी तार कुठेच नको. स्पीकर न लावता चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद होऊन विझत आला तर ते कपॅसिटर भरल्याचं लक्षण, ठीक आहे. पेटून तसाच राहिला तर अजून कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करून मागे जा. आधी मंद झाला आणि मिनिटाभरात हळूहळू परत उजळायला लागला तर बायस पळतोय. बल्ब नसता तर तुम्हाला हे फ्यूज गेल्यावरच कळलं असतं.

ऑफसेट आणि बायस

चालू करायच्या आधी बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) सर्वात कमी बाजूला. कमी बाजू कोणती ते अंदाजाने ठरवू नका. ज्या सर्किटमध्ये ड्रायव्हरचे एमिटर रेझिस्टर आउटपुट लाइनला जातात तिथे आउटपुट ट्रान्झिस्टर न लावताच, सिरीज बल्बवर, चालू करता येतं, आणि दोन ड्रायव्हरच्या बेसमधलं व्होल्टेज मोजून प्रीसेट फिरवून बघता येतं. वाटेत चार बेस-एमिटर जोड असलेल्या सर्किटला ते साधारण २.२ ते २.४ व्होल्टच्या आसपास सेट व्हायला हवं, क्वासीमध्ये तीन जोड म्हणून १.८ च्या आसपास. प्रीसेट फिरवूनही ते ३ च्या खाली येतच नसेल तर आउटपुट लावू नका, लावला की गेलाच समजा. प्रीसेटचा मधला काटा जुना होऊन सुटलेला असणं हे इथलं नेहमीचं कारण आहे, प्रीसेट बदला आणि पुढे चला.

आउटपुट लावल्यावर आधी आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत छान, १०० च्या वर असेल तर कारण शोधा, रेलच्या जवळपास असेल तर लगेच बंद. मग एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज बघत बायस हळूहळू वाढवा. ०.२२ ओहमवर साधारण २० ते २५ मिलिव्होल्ट म्हणजे शंभरएक मिलिअँपिअर, बहुतेक क्लास एबी अँपला तेवढं पुरतं, सर्किटवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर त्याचं ऐका. बायस लावताना सिरीज बल्बमुळे रेल खाली येतात, म्हणून शेवटचा आकडा बल्ब काढून, अर्धा तास तापू देऊन परत बघायचा.

आणि बायस सांभाळणारा जो छोटा ट्रान्झिस्टर असतो, बहुतेक बीडी१३९, तो हीटसिंकला खरंच टेकलाय का? बोर्डावर हवेत लटकवून ठेवलेला मी कितीदा पाहिलाय. ट्रान्झिस्टर दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने लवकर उघडतो. ४० अंश तापला की ८० मिलिव्होल्ट झाले, आणि हे भरून काढायला कोणी नसेल तर बायस शे-दोनशे मिलिअँपिअर सहज चढतो, चढला की अजून तापतो, तापला की अजून चढतो. "थोडा वेळ चालतो आणि मग जातो" हे लक्षण असेल तर माझा पहिला हात इथेच जातो.

माल खरा आहे का

२एससी३२८१ आणि २एसए१३०२ बनायचे बंद झालेत, आणि त्यांच्या नावाने बनावट माल भरपूर फिरला. २एससी५२०० आणि त्याचा जोडीदार २एसए१९४३ यांचीही तीच गत. अंगावर बऱ्याचदा फक्त सी५२०० छापलेलं असतं, पुढचं २एस गाळलेलं, त्यावरून घाबरू नका. छपाई ॲसिटोनच्या कापसाने पुसली जात असेल तर शंका घ्या, पण पुसली गेली नाही म्हणून खरा असं नाही. खात्रीचा एक तुकडा असेल तर कपॅसिटन्स रेंजवर बेस-एमिटर मोजून तुलना करा, आत छोटी चिप असेल तर आकडा ठळकपणे कमी येतो. मेलेला ट्रान्झिस्टर हॅक्सॉने कापून बघणं तर फारच बोलकं, एकदा एवढ्या मोठ्या डब्यात मसुरीच्या दाण्यापेक्षा लहान चिप निघाली होती. फक्त रेडिओ ट्रान्समीटरचे पॉवर ट्रान्झिस्टर कधी कापू नका, त्यातल्या काहींत बेरिलियम ऑक्साइड असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला विषारी आहे.

सगळं बरोबर, तरी तापतोय

मग ऑसिलेशन. जुनं सर्किट ज्या २एन३०५५ साठी आखलं होतं त्याचा वेग १ मेगाहर्ट्झच्या आसपास होता, ५२०० चा ३० मेगाहर्ट्झ. संथ बैलासाठी बांधलेल्या गाडीला घोडा जुंपल्यासारखं होतं, अँप आपल्याला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर स्वतःच ओरडत बसतो. उलटही होतं, वेगवान सर्किटमध्ये संथ ट्रान्झिस्टर टाकला तरी फीडबॅक बिनसतो. खुणा अशा: गाणं नसताना आउटपुटजवळचा तो १० ओहमचा रेझिस्टर (त्याला झोबेल म्हणतात) तापतो, वायरींजवळ हात नेला की बायसचा आकडा हलतो, जवळच्या एएम रेडिओवर खरखर येते. प्रत्येक बेसच्या अगदी पायाशी २.२ ते १० ओहमचा रेझिस्टर टाका, ट्रान्झिस्टरला जाणाऱ्या लांब वायरी छाटून छोट्या करा, बोर्डावर दोन्ही रेलना १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा, झोबेल शाबूत आहे का बघा. यातून सुटतं बऱ्याचदा. नाही सुटलं तर कॉम्पेन्सेशनचा (अँपला स्थिर ठेवणारा) कपॅसिटर बदलावा लागतो आणि ते ऑसिलोस्कोपशिवाय करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं.

कुठे थांबायचं

ऑसिलेशनची शंका आहे आणि स्कोप नाही, तर थांबा आणि ज्याच्याकडे आहे अशा दुरुस्तीवाल्याकडे न्या. वरचं सगळं करूनही दुसरी जोडी गेली तर तिसरी विकत आणू नका, तेव्हाच न्या. ट्रान्सफॉर्मरला जळका वास येतोय, मेन्सच्या बाजूची वायर किंवा स्विच काळा पडलाय, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, यातलं काहीही असेल तर पिन काढा आणि स्वतः उघडू नका. रेल ±५० च्या वर असतील तर दोन टोकांमध्ये १०० व्होल्टच्या वर डीसी आहे, सवय नसेल तर तोही तुमचा प्रांत नाही. ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असेल तर त्याच्या आत तर नाहीच नाही, तिथल्या कपॅसिटरवर थेट मेन्सचं रेक्टिफाय झालेलं व्होल्टेज असतं.

नेताना उडालेले जुने ट्रान्झिस्टर फेकू नका, सोबत द्या, आणि कोणता कुठल्या जागी होता ते कागदावर लिहून चिकटवा. मला त्यावरूनच अर्धं निदान करता येतं.